न्यूमोकोकल लस: 'कोणती' इतकंच महत्त्वाचं 'कधी' आणि 'कोणत्या क्रमाने'

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आणि सीओपीडी (दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, दोन वर्षांपूर्वी २३ प्रकारांची न्यूमोकोकल लस घेतली आहे आणि आता छातीच्या डॉक्टरांनी 'आणखी एक' घ्यायला सांगितली आहे. धाकटी बहीण ३४ वर्षांची, तिला आयटीपी (प्लेटलेट कमी होण्याचा रक्ताचा आजार) आहे आणि महिन्याभराने प्लीहा (पानथरी) काढायचं ठरलं आहे. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, त्याला उपकेंद्रात दोन डोस मिळाले आहेत. तर कोणी, कोणती, कधी घ्यायची?

तिघांची उत्तरं वेगळी आहेत आणि खरी घाई फक्त बहिणीची आहे. आधी दोन प्रकारच्या लसींमधला फरक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

न्यूमोकोकस हा जिवाणू कित्येकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाका-घशात काहीही त्रास न देता राहतो. तो फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला की जिवावर बेततं. त्याच्याभोवती शर्करेच्या साखळ्यांचं कवच असतं. त्या कवचावरून त्याचे शंभरच्या आसपास प्रकार पडतात आणि आपली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तेच कवच ओळखतात. म्हणून लसीच्या नावापुढचा आकडा म्हणजे तिने किती प्रकार व्यापले ते. आकडा मोठा म्हणजे लस चांगली, असा सरळ हिशेब मात्र नाही.

२३ प्रकारांची जुनी लस (पीपीएसव्ही२३, १९८३ पासून वापरात) नुसत्या कवचाची आहे. नुसती शर्करा दिली की टी-पेशींची (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) मदत मिळत नाही. प्रतिपिंडं तयार होतात, पण प्रतिकारशक्तीची 'स्मृती' तयार होत नाही आणि काही वर्षांत परिणाम ओसरतो. दोन वर्षांखालच्या मुलांत तर ती जवळपास निरुपयोगी ठरते. दुसरा गट काँज्युगेट लसींचा, म्हणजे पीसीव्ही. यात तेच कवच एका प्रथिनाला जोडलेलं असतं, बहुतेक लसींत डिप्थेरियाच्या निरुपद्रवी केलेल्या विषाला. त्यामुळे स्मृती तयार होते, बाळांतही काम होतं आणि नाका-घशातला जिवाणूचा मुक्कामही कमी होतो. १०, १३, १४, १५, २० अशा आकड्यांच्या लसी या गटातल्या. भारतात प्रौढांसाठी वर्षानुवर्षं १३ चीच वापरली गेली. आता २० ची खाजगीत मिळू लागली आहे.

यातून क्रमाचा नियम निघतो: आधी काँज्युगेट, मग २३ ची. काँज्युगेटने तयार केलेल्या स्मृतीला २३ ची लस नंतर उजाळा देते. उलट, २३ ची आधी घेतली तर त्यानंतर काही काळ शरीर काँज्युगेटलाही थंड प्रतिसाद देतं. व्यवहारात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, कारण २३ ची स्वस्त असते आणि आकड्याने मोठी दिसते.

दुसरी गोष्ट कमी लोक लक्षात घेतात. ज्याला या लसीची सगळ्यात जास्त गरज, त्याचंच शरीर तिला सगळ्यात कमी दाद देतं. प्लीहा नसलेला, केमो चालू असलेला, मूत्रपिंड बदललेला, भरपूर स्टेरॉइडवर असलेला माणूस लस घेतो, पण पुरेशी प्रतिपिंडं बनवू शकत नाही. त्यामुळे अशांच्या बाबतीत ब्रँडवर चर्चा करण्यापेक्षा तारीख पकडणं जास्त मोलाचं.

आता बहीण. रक्तात शिरलेले कवचधारी जिवाणू गाळून काढण्याचं काम मुख्यतः प्लीहा करते. ती गेल्यावर साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तदाब कोसळण्यापर्यंत जाऊ शकतो. हा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो, पण आयुष्यभर पूर्ण संपत नाही. ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेआधी किमान १४ दिवस काँज्युगेट लस झालीच पाहिजे. तिच्याकडे महिना आहे, म्हणजे याच आठवड्यात घ्यावी. 'तारीख नक्की झाली की बघू' करू नका. शस्त्रक्रिया अलीकडे सरकली तर ते दोन आठवडे हातचे जातात.

२० ची मिळाली तर एक डोस आणि न्यूमोकोकसपुरता विषय संपला. १३ ची घेतली तर २३ ची किमान आठ आठवड्यांनी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर, आणि २३ चा दुसरा डोस पाच वर्षांनी. शस्त्रक्रियेआधी उरकायचं म्हणून दोन्ही एकदम किंवा पंधरा दिवसांच्या अंतराने टोचून घेऊ नका.

प्लीहा काढणाऱ्याला एकट्या न्यूमोकोकसची लस पुरत नाही. हिब (मेंदूज्वर आणणारा आणखी एक जिवाणू) लसीचा एक डोस (लहानपणी झाला नसेल तर) आणि चार प्रकारांची मेनिन्गोकोकल (मेंदूज्वराच्या दुसऱ्या एका जिवाणूविरुद्धची) लस, दोन डोस आठ आठवड्यांच्या अंतराने व पुढे दर पाच वर्षांनी एक, हेही लागतं. हिब आणि पीसीव्ही एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडांत चालतात. मेनिन्गोकोकलच्या बाबतीत एक बारकावा आहे. ती मेनॅक्ट्रा या ब्रँडची असेल तर पीसीव्हीनंतर किमान चार आठवडे थांबायचं, कारण तिच्यातलं डिप्थेरिया टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेलं विष) पीसीव्हीचा परिणाम मारतं. टिटॅनस टॉक्सॉइडला जोडलेली असेल तर ही अडचण नाही, त्याच दिवशी देता येते. मेडिकलवाल्याकडून आलेल्या खोक्यावर नाव वाचल्याशिवाय टोचू देऊ नका. फ्लूची लसही त्याच फेरीत उरकावी.

आयटीपीमुळे आणखी दोन प्रश्न येतात. एक, गेल्या सहा महिन्यांत रिटुक्सिमॅब हे औषध दिलं आहे का? दिलं असेल तर प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशीच जागेवर नसतात आणि लस जवळजवळ वाया जाते. तरी शस्त्रक्रियेआधी देतात, पण त्या डोसवर भरवसा ठेवत नाहीत आणि सहा महिन्यांनी पुन्हा देण्याचा विचार होतो. ही माहिती लस देणाऱ्याला आपणहून सांगा, बरेचदा कोणी विचारत नाही. दुसरा, प्लेटलेट किती आहेत? लस स्नायूत जाते, म्हणून २३ गेजची किंवा त्याहून बारीक सुई वापरायची आणि टोचल्यावर किमान दोन मिनिटं नुसतं दाबून धरायचं, चोळायचं नाही. प्लेटलेट फारच खाली असतील तर आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी तयार प्रतिपिंडं) किंवा स्टेरॉइडने त्या वर आल्यावरचा दिवस रक्तविकारतज्ज्ञांनी निवडावा. आयव्हीआयजीमुळे या लसीला बाधा येत नाही. ती अडचण गोवरासारख्या जिवंत लसींची.

शस्त्रक्रियेनंतर पेनिसिलिनच्या रोजच्या गोळ्या किती वर्षं हे तिचे डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी पाठ करायची गोष्ट वेगळी आहे: ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा हुडहुडी भरली, की घरी ठेवलेला अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायचा आणि तासाभरात रुग्णालय गाठायचं. 'उद्या सकाळी दाखवू' इथे चालत नाही. पाकिटात 'प्लीहा काढलेली आहे' असं लिहिलेलं कार्ड ठेवा. कुत्रा चावला, अगदी ओरखडा आला तरी, रेबीजच्या इंजेक्शनसोबत अँटिबायोटिक लागतं, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जिवाणू प्लीहा नसलेल्यांना भारी पडतो. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात जाणं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. तोही आजार अशांना जोरात होतो.

अपघातात प्लीहा फाटून तातडीने काढलेल्यांचं लसीकरण सगळ्यात जास्त राहून जातं. टाके काढायच्या घाईत ते डिस्चार्ज कार्डावर येतच नाही. त्यांना शस्त्रक्रियेनंतर १४ दिवसांनी द्यायची. पण माणूस लांबच्या गावचा असेल आणि परत येण्याची खात्री नसेल, तर घरी सोडतानाच दिलेली बरी. थोडा कमी प्रतिसाद चालेल, शून्य नको.

सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) रुग्ण याच गटात येतात आणि आपल्याकडे ते थोडे नाहीत. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या सातपुड्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. फसवणारी बाब अशी की सोनोग्राफीत प्लीहा दिसते, कधी वाढलेलीही दिसते, त्यामुळे 'प्लीहा आहे की' असं वाटतं. प्रत्यक्षात तिचं गाळण्याचं काम लहानपणीच मंदावलेलं असतं. अशा मुलाला नेहमीचे पीसीव्हीचे डोस तर हवेतच, शिवाय दोन वर्षं पूर्ण झाल्यावर (शेवटच्या पीसीव्हीनंतर किमान आठ आठवडे सोडून) २३ ची, आणि पाच वर्षांनी तिचा दुसरा डोस. जोडीला पेनिसिलिन व्ही, वयाच्या दोन-तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिवसातून दोनदा: तीन वर्षांखाली १२५ मिलिग्रॅम, त्यावर २५०. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या या पेनिसिलिनने गंभीर न्यूमोकोकल संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला आणि ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. लस आली म्हणून गोळ्या बंद करणारे पालक भेटतात. दोन्ही लागतात.

इतर कमकुवत गटांसाठी तारखा पटकन सांगतो. केमोथेरपी सुरू होण्याआधी किमान दोन आठवडे. ते हुकलं तर केमो संपल्यावर तीन महिन्यांनी. मधल्या काळात दिलेला डोस मोजला जाईलच असं नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण होणार असेल तर प्रतीक्षायादीत असतानाच. कॉक्लियर इम्प्लांटआधी (ऐकू यावं म्हणून कानात बसवायचं यंत्र) किमान दोन आठवडे, कारण त्या यंत्रासोबत मेंदूज्वराचा धोका वाढतो. सरकारी योजनेतून इम्प्लांट होणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट स्वतः विचारावी. नेफ्रोटिक सिंड्रोमच्या (लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज येणारा मूत्रपिंडाचा आजार) मुलांना पोटातल्या पाण्यात याच जिवाणूचा संसर्ग होतो. त्यांना लस शक्यतो सूज उतरून स्टेरॉइडचा डोस कमी झाल्यावर. एचआयव्ही असलेल्यांनी पीसीव्हीसाठी सीडी४ (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची संख्या) वाढायची वाट बघू नये. २३ ची मात्र २०० च्या वर गेल्यावर जास्त उपयोगी.

वडिलांचं सोपं आहे. त्यांचा क्रम उलटा झाला, पण तो सुधारता येतो. २३ नंतर काँज्युगेटसाठी किमान एक वर्ष जावं लागतं, ते गेलं आहे. आता २० ची एक घेतली की झालं. १३ ची घेतली तरी चालेल. २३ ची त्यांनी ६५ पूर्ण झाल्यावर घेतलेली असेल तर तीही पुन्हा नको. त्यांचा ६५ वा वाढदिवस आणि लसीची तारीख जुळवून पाहा. तेव्हा ते ६४ चे असतील आणि आता १३ ची घेतली असेल तर २३ चा आणखी एकच डोस, आधीच्या डोसनंतर पाच वर्षांनी. मधुमेह किंवा सीओपीडी म्हणून 'दर पाच वर्षांनी २३ ची' घेत राहायचं नसतं. ही सवय बऱ्याच ठिकाणी पडली आहे. पुनःपुन्हा घेतल्याने दंड जास्त सुजतो आणि प्रतिसाद वाढायच्या ऐवजी थंडावतो.

सुरुवातच करणाऱ्यांसाठी: नुसता मधुमेह, दमा, सीओपीडी, हृदयविकार, यकृताचा आजार, धूम्रपान असेल तर १३ आणि २३ मध्ये एक वर्षाचं अंतर. प्रतिकारशक्तीच कमी असेल किंवा प्लीहा नसेल तर आठ आठवडे. धूम्रपान हे स्वतंत्र कारण आहे, त्यासोबत दुसरा आजार असायलाच हवा असं नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये सरसकट लसीकरणाचं वय ६५ वरून ५० वर आणलं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात प्रौढांना ही लस नाही, खिशातून घ्यावी लागते आणि काही हजारांना पडते. पैसे एकाच लसीपुरते असतील तर काँज्युगेट घ्या.

वडिलांच्या सीओपीडीचा जोर वाढलेला असेल, तोंडावाटे स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल, तर तो संपून आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. इनहेलरमधल्या स्टेरॉइडने फरक पडत नाही. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल बंद करायची गरज नाही. फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते आणि ती दरवर्षी लागते. दोन्हींचा संबंध जवळचा आहे: फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोलवटलं की मागोमाग न्यूमोकोकस आत शिरतो. १९१८ च्या साथीतले बहुसंख्य मृत्यूही अशा दुय्यम जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असं जपून ठेवलेल्या ऊतींच्या तपासणीतून दिसलं.

लस वाया जाते ती बहुधा वाहतुकीत. पीसीव्हीत अॅल्युमिनियम फॉस्फेट असतं. ती गोठली की त्याचे गठ्ठे होतात आणि लस निकामी होते. पुन्हा वितळल्यावर वरवर ठीक दिसू शकते, हे जास्त वाईट. मेडिकलमधून घेऊन बर्फाच्या पिशवीला चिकटवून स्कूटरवर नेणं, घरच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात ठेवणं, या दोन गोष्टी उन्हापेक्षा जास्त लसी मारतात. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस, आणि लस व बर्फ यांमध्ये जाड कागद किंवा कापड. सगळ्यात बरं म्हणजे जिथे टोचायची तिथल्याच फ्रीजमधली घ्यावी.

टोचताना: आधी सिरिंज जोरात हलवायची, म्हणजे तळाला बसलेला भाग मिसळतो आणि द्रव एकसारखा पांढरट दिसतो. हलवूनही कण राहिले तर वापरायची नाही. ०.५ मिलिलिटर, दंडाच्या वरच्या स्नायूत, एक इंची सुईने, काटकोनात. पीसीव्ही कातडीखाली द्यायची नसते. २३ ची मात्र स्नायूत किंवा कातडीखाली, दोन्ही चालते. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. एक-दोन दिवस दंड दुखणं, अंग मोडून येणं, थोडा ताप नेहमीचं आहे, लागली तर पॅरासिटामॉल घ्या. आधीच प्रतिबंध म्हणून घेऊ नका. बाळांमध्ये असं दिल्यावर प्रतिपिंडं कमी झालेली आढळली आहेत. सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलायची गरज नाही, सणसणीत तापात ढकलावी. आधीच्या डोसने किंवा डिप्थेरियाच्या लसीने तीव्र अॅलर्जी आली असेल तर पीसीव्ही नको. यात जिवंत जिवाणू नसतो, त्यामुळे लसीने न्यूमोनिया होत नाही.

आणि नोंद. 'न्यूमोनियाची लस दिली' एवढं लिहिलेली चिठ्ठी पाच वर्षांनी काहीच सांगत नाही. पीसीव्ही की पीपीएसव्ही, आकडा, बॅच नंबर, तारीख. खोक्यावरचा स्टिकर फाइलला चिकटवून फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

बाळाचं वेळापत्रक व्यवस्थित चाललं आहे. सरकारी कार्यक्रमात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण, असे तीन डोस, उजव्या मांडीत. २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार-उत्तर प्रदेशाच्या काही भागांत सुरू झालेली ही लस २०२१ मध्ये देशभर आली. तिथे पुण्याच्या सीरमची दहा प्रकारांची न्यूमोसिल वापरली जाते. ती जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केलेली आहे, दुय्यम मुळीच नाही. राहतो तो नऊ महिन्यांचा डोस, कारण घरच्यांच्या डोक्यात तेव्हा फक्त 'गोवराचं इंजेक्शन' असतं. आरोग्यसेविकेला विचारून माता-बाल संरक्षण कार्डावर पीसीव्ही बूस्टरचा रकाना भरला का बघा. खाजगीत तीन डोस आणि बाराव्या ते पंधराव्या महिन्यात बूस्टर अशी पद्धत आहे. मध्येच खाजगीकडे वळलात तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. वडील आणि बहीण ज्या घरात राहतात तिथे बाळाचा हा डोस त्यांच्याही कामाचा आहे, कारण आजी-आजोबांपर्यंत हा जिवाणू बहुधा नातवंडांच्या नाकातून पोचतो.

लसीकडून किती अपेक्षा ठेवायची? नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८५ हजार लोकांवर १३ च्या लसीची चाचणी झाली. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार लसीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी आणि त्याच प्रकारांचा रक्तात वगैरे पसरलेला आजार ७५ टक्क्यांनी घटला. सगळ्या कारणांचा न्यूमोनिया एकत्र धरला तर मात्र फरक दिसला नाही. शिवाय प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. म्हणजे लस घेऊनही न्यूमोनिया होऊ शकतो, दुसऱ्या प्रकाराचा किंवा दुसऱ्याच जंतूचा.

म्हणून लक्षणं ओळखता यायला हवीत. म्हाताऱ्या माणसात ताप नसतोच कधी कधी: अचानक असंबद्ध बोलणं, जेवण सोडणं, तोल जाणं, एवढंच दिसतं. सीओपीडी असलेल्या वडिलांचा बरं असतानाचा ऑक्सिजन किती असतो ते आत्ताच मोजून लिहून ठेवा. त्यापेक्षा तीन-चार अंकांनी खाली आला तर थांबू नका. बाळाचं पोट उडत असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ पीत नसेल तर थेट रुग्णालय, रात्र असली तरी.